लग्नाची डीव्हीडी वाचवायची तर आधी नक्कल, मग कॉम्प्रेशन

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला लागल्या आहेत, वाशीत सिडकोच्या जुन्या वसाहतींचंही तेच चाललंय. घर रिकामं करायचं म्हणजे माळा रिकामा करायचा, आणि माळ्यावरून हमखास खाली येते ती डीव्हीडींची पिशवी. साखरपुडा, लग्न भाग १, लग्न भाग २, मुंज, शाळेचं गॅदरिंग. नव्या टीव्हीला डीव्हीडी प्लेअर जोडलेला नाही, लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि जुना प्लेअर गेल्या दिवाळीत भंगारात गेलेला.

बाजारही या तबकड्यांकडे पाठ फिरवतोय. नेटफ्लिक्सने अमेरिकेतली टपालाने डीव्हीडी पाठवायची सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली. सोनीने घरी रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. विंडोजमध्ये तर २०१२ सालच्या विंडोज ८ पासूनच डीव्हीडी चालवायची सोय आपसूक मिळत नाही.

मग कुणीतरी सांगतं, "अरे, फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात टाक, चार जीबीचं एक जीबी होतं." सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. यात कामं दोन आहेत: तबकडीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणं, आणि त्यातून पाहण्यासाठी छोटी फाइल बनवणं, म्हणजे कॉम्प्रेशन. बहुतेक लोक थेट दुसरं काम करतात, तबकडी फेकून देतात आणि तीन वर्षांनी लक्षात येतं की पंगतीचा भाग फाइलमध्ये आलाच नव्हता.

तबकडीवर असतं तरी काय

डीव्हीडी म्हणजे १२ सेंटीमीटर व्यासाची, ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिक चकत्या चिकटवून केलेली तबकडी. माहिती असते मधल्या सांध्यात. दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीत ती साच्याने ठोकलेली असते. लग्नाच्या डीव्हीडीत मात्र रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि शूटिंगवाल्याच्या रायटरने लेसरने त्यावर ठिपके उमटवलेले असतात. हा थर उन्हाने, उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू खराब होतो. खाडीकाठच्या आपल्या गावांत जून ते सप्टेंबर माळ्यावर काय हवा असते ते वेगळं सांगायला नको. म्हणून तीच पिशवी उघडल्यावर विकतचा सिनेमा ठणठणीत चालतो आणि घरचं लग्न अडखळतं.

साध्या तबकडीत ४.७ जीबी मावतात. कॉम्प्युटर वेगळ्या हिशेबाने मोजतो, म्हणून तो ४.३७ दाखवतो; काही हरवलेलं नाही. दोन थरांच्या तबकडीत ८.५ जीबी.

तबकडी उघडलीत की व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर दिसेल. त्यात व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज, आयएफओ फाइलींत अनुक्रमणिका, आणि बीयूपी फाइलींत त्या अनुक्रमणिकेची राखीव प्रत. एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी नसते, त्यामुळे सलग कार्यक्रमही चार-पाच तुकड्यांत दिसतो. नुसत्या व्हीओबी उचलून पेन ड्राइव्हवर टाकल्या तर अनुक्रमणिका मागे राहते, कुठला तुकडा कशानंतर ते कळत नाही आणि काही प्लेअरमध्ये वेळ भलतीच दिसते.

फोल्डरचं नाव एमपीईजीएव्ही असेल आणि आत डीएटी फाइली असतील तर ती डीव्हीडी नव्हे, व्हीसीडी आहे. तिचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे बारकं. त्या फाइली तशाच ठेवा, कॉम्प्रेशनच्या नादी लागू नका.

ड्राइव्ह घेताना आणि तबकडी पुसताना

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर हजार-दोन हजारांच्या आसपास मिळतो. तो सगळी वीज यूएसबीतूनच ओढतो. लांब एक्स्टेन्शन वायर किंवा स्वस्त हब मध्ये असला की मोटर सुरू होताना वीज कमी पडते, 'टक टक' आवाज येतो आणि ड्राइव्ह मधेच गायब होतो. दोष लोक तबकडीला देतात. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

हँडीकॅमच्या ८ सेंटीमीटरच्या छोट्या तबकड्या असतील तर ट्रेवाला ड्राइव्हच वापरा. तबकडी आत ओढून घेणाऱ्या फटीच्या ड्राइव्हमध्ये ती अडकते. शिवाय अशा तबकड्या कॅमेऱ्यातच 'फायनलाइझ', म्हणजे बंद, केलेल्या नसतील तर कॉम्प्युटर त्यांना कोरं समजतो. जुना कॅमेरा चालू स्थितीत असेल तर त्यातून तेवढं आधी करून घ्या.

पुसायचं ते मऊ, बिनधाग्याच्या फडक्याने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका. मधून कडेकडे गेलेला ओरखडा लेसर एका फेरीत एकदाच ओलांडतो, आणि त्यात गेलेली माहिती तबकडीवरच नोंदलेल्या दुरुस्तीच्या आकड्यांवरून भरून काढता येते. गोल ओरखडा मात्र माहितीच्या रेघेबरोबर धावतो. सलग इतकं जातं की दुरुस्तीचे आकडेही त्यातच जातात. बुरशीचे डाग असतील तर कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मग स्वच्छ पाणी, आणि पूर्ण वाळल्यावरच ड्राइव्हमध्ये. टूथपेस्टने घासायचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका, नवे ओरखडे पडतात.

नवरा-नवरीच्या फोटोचं गोल स्टिकर चिकटवलेलं असेल तर ते सोलायला जाऊ नका. दमट हवेने स्टिकर फुगतं, तबकडी किंचित वाकडी होते आणि वेगाने फिरताना थरथरते. इलाज एकच, वेग कमी करून वाचणं.

पहिलं काम: जशीच्या तशी नक्कल

या नकलेला आयएसओ म्हणतात: सगळी तबकडी, मेनू आणि अनुक्रमणिकेसकट, एकाच फाइलमध्ये. दर्जात शून्य फरक.

विंडोजवर यासाठी इमगबर्न हा फुकट प्रोग्राम अजून चालतो. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, पण कामही बदललेलं नाही. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटू नका; वाटेत दुसरं काही टाकू का असं विचारलं तर नको म्हणा. मग 'क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क' निवडा, वाचण्याचा वेग ४ एक्स ठेवा, फाइल कुठे जाणार ते सांगा आणि सुरू करा. १ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८५ एमबी, म्हणजे ४ एक्सने भरलेली तबकडी चौदा-पंधरा मिनिटांत उतरते. लिनक्सवर जीनोम डिस्क्समध्ये 'क्रिएट डिस्क इमेज', मॅकवर डिस्क युटिलिटीत 'डीव्हीडी/सीडी मास्टर'.

हमखास फसायला होतं ते एका जागी. फाइल पेन ड्राइव्हवर टाकताना 'फाइल खूप मोठी आहे' असा संदेश येतो आणि ड्राइव्हवर तर ३२ जीबी मोकळी दिसतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की ४ जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही, आणि भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ नेमकी त्याच्या जरा वर जाते. आतलं सगळं दुसरीकडे हलवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

नक्कल झाली की तपासा. आयएसओ व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि सुरुवात न पाहता शेवटची दहा मिनिटं पाहा. एका थराची डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेजवळ येतो. बोटांचे ठसे तिथेच पडतात आणि चिकटवलेल्या चकत्यांत दमटपणा शिरतो तोही कडेनेच. वरमाला छान दिसते आणि पाठवणीला चित्र गोठतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. तबकडी काठोकाठ भरलेली असेल तरच हे तंतोतंत लागू. अर्धीच भरलेली असेल तर शेवट मधेच कुठेतरी असतो.

वाचता वाचता अडकते तेव्हा

साधे प्रोग्राम न वाचता येणाऱ्या जागी हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि तासभर तिथेच अडतात. अशा तबकडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा फुकट प्रोग्राम आहे. त्याची रीत व्यवहारी: आधी जे सहज मिळतं ते सगळं उचलायचं, खराब जागा सोडून पुढे जायचं, आणि राहिलेल्या जागांची नोंद एका छोट्या मॅपफाइलमध्ये ठेवायची. मग फक्त तेवढ्याच जागांवर परत यायचं.

विंडोजवाल्यांनी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक फुकट प्रकार, पेन ड्राइव्हवरून चालू केलं तरी पुरे, इन्स्टॉल करायची गरज नाही. पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. पहिली फेरी 'हायफन एन' लावून, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता. ब्लॉकचा आकार २०४८, कारण डीव्हीडीचा एक कप्पा तेवढ्याच बाइटचा असतो. दुसऱ्या फेरीत 'हायफन डी' आणि 'हायफन आर ३', म्हणजे थेट ड्राइव्हकडून वाच आणि तीनदा प्रयत्न कर. दोन्ही फेऱ्यांत आयएसओ आणि मॅपफाइलची नावं तीच द्यायची. नाव चुकलं की पहिल्यापासून सुरुवात.

यातली खरी गंमत अशी की राहिलेल्या जागा दुसऱ्याच ड्राइव्हवर वाचून घेता येतात. प्रत्येक ड्राइव्हचा लेसर थोडा वेगळा. एकाला न दिसणारा कप्पा दुसऱ्याला दिसतो. शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधला धुळकट रायटर कधी कधी नव्या यूएसबी ड्राइव्हपेक्षा जास्त काढून देतो. तीच आयएसओ, तीच मॅपफाइल, फक्त ड्राइव्ह बदलायचा.

काही कप्पे तरीही मिळणार नाहीत. दोन-चार गेले तर चित्रात अर्धा-एक सेकंद चौकटी दिसतील, एवढंच. आयएफओचे कप्पे गेले तर बीयूपी आहे.

कॉम्प्रेशन म्हणजे नेमकं काय होतं

आता दुसरं काम. दोन तासांचं लग्न ४.७ जीबीत म्हणजे सरासरी सेकंदाला ५.२ मेगाबिट. तोच कार्यक्रम दीड मेगाबिटात जवळपास तसाच दिसू शकतो. कसा?

दूधवाल्याचं कार्ड आठवा. रतीब अर्ध्या लिटरचा ठरला की रोज 'अर्धा लिटर' कुणी लिहीत बसत नाही. खाडा आणि जादा दूध तेवढं मांडतात. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि एका चित्रातून पुढच्यात फारसं काही बदलत नाही: भटजी बसलेत, मागचा पडदा तोच, फक्त हात हलतो. म्हणून एक चित्र पूर्ण साठवायचं आणि पुढच्यांचे फक्त बदल. डीव्हीडीतली पद्धत, एमपीईजी-२, १९९०च्या दशकातली. ती जास्तीत जास्त १५ चित्रांनंतर, म्हणजे ०.६ सेकंदाने, नवं कार्ड सुरू करते. २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत एकच कार्ड दहा सेकंदसुद्धा चालवू शकते, आधीच्या अनेक चित्रांशी तुलना करते, आणि चित्राचे तुकडे गरजेप्रमाणे लहान-मोठे पाडते. जागा वाचते ती इथे.

ही पद्धत कुठे अडते तेही लग्नातच पाहायला मिळतं. 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला आणि शंभर हातांनी अक्षता टाकल्या. त्या दोन-तीन सेकंदांत पडद्यावरचा प्रत्येक ठिपका बदलतो. मागच्या चित्रातलं उचलण्यासारखं काही उरत नाही. फाइलला ठरावीक आकार दिलात तर नेमका तोच क्षण चौकटी-चौकटींचा होतो. म्हणून आकार ठरवू नका, दर्जा ठरवा. मग सॉफ्टवेअर शांत प्रसंगात बिट वाचवतं आणि अक्षतांवर सढळ हाताने खर्च करतं.

हँडब्रेकमध्ये काय निवडायचं

हँडब्रेक हे मुक्त सॉफ्टवेअर आहे: फुकट तर आहेच, शिवाय त्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

तबकडी न देता आयएसओ फाइल त्यात उघडा. काम जलद होतं आणि ड्राइव्हला त्रास नाही. 'टायटल'ची यादी येईल. काही शूटिंगवाले सगळं एका टायटलमध्ये घालतात, काही हळद, सीमांतपूजन, लग्न अशी वेगवेगळी टायटलं करतात. सगळ्यात लांब तेच निवडून मोकळं होऊ नका. यादीतलं प्रत्येक टायटल पाहून रांगेत टाका. पंगत हरवते ती बहुधा इथे. मेनू मात्र नव्या फाइलमध्ये येत नाही. तो आयएसओत आहेच.

प्रीसेटमधून, म्हणजे तयार सेटिंग्जच्या यादीतून, 'एचक्यू ५७६पी२५ सराउंड' घ्या. घाई असेल तर 'फास्ट ५७६पी२५'. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या, म्हणून हा आकडा. १०८०पी निवडून चित्र मोठं करायला जाऊ नका; नसलेला तपशील येत नाही, फाइल तेवढी फुगते.

व्हिडिओच्या पानावर एच.२६४ आणि 'कॉन्स्टंट क्वालिटी' असू द्या. तिथल्या पट्टीवर आरएफ नावाचा आकडा असतो. आकडा जितका लहान तितका दर्जा जास्त, हे उलटं आहे तेवढं ध्यानात ठेवा. डीव्हीडीसाठी १८ ते २२ योग्य. २० वर ठेवून पुढे जा. सहाने वाढवलात की फाइल साधारण निम्मी होते, पण २६ वर अक्षतांचं पीठ होतं. २० वर दोन तासांची फाइल बहुधा १ ते १.५ जीबी भरते. हातात धरून हलत काढलेलं, अंधाऱ्या हॉलमधलं चित्रण असेल तर जास्त. एच.२६५ या त्यापुढच्या पद्धतीने आकार आणखी घटतो, पण जुने टीव्ही ती फाइल पेन ड्राइव्हवरून वाचत नाहीत. आजी-आजोबांच्या टीव्हीवर चालायला हवी असेल तर एच.२६४ बरं.

आवाजासाठी एएसी ही पद्धत, १६० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). दोन तासांचे १४४ एमबी होतात. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. मंगलाष्टकांचा माइक आधीच फाटलेला असतो.

कापणीची, म्हणजे 'क्रॉप'ची, आपोआप सोय वर-खालच्या काळ्या पट्ट्या काढते. ती कधी कधी हॉलच्या काळोख्या कडाही पट्टी समजून कापते. प्रिव्ह्यूमध्ये दोन-तीन चित्रं पाहा आणि शंका आली तर क्रॉप शून्य करा. पूर्ण फाइल बनवण्याआधी 'रेंज'मध्ये सेकंद निवडून फक्त अक्षतांच्या आसपासचं एक मिनिट करून बघा. ते चांगलं आलं तर बाकी सगळं येतं.

हलत्या हातावर आडव्या रेघा का दिसतात

जुन्या कॅमेऱ्यांत एक चित्र दोन अर्ध्यांत टिपलं जाई: आधी विषम रेघा, मग एक पन्नासांश सेकंदाने सम रेघा. याला इंटरलेसिंग म्हणतात. काचेच्या नळीच्या टीव्हीवर ते खपून जायचं. आजच्या पडद्यावर दोन्ही अर्धी एकदम दिसतात. तेवढ्या वेळात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून कडा फणीच्या दात्यांसारख्या होतात.

या रेघा कॉम्प्रेशनआधी काढाव्या लागतात, नंतर त्या पक्क्या बसतात. हँडब्रेकच्या 'फिल्टर्स' पानावर 'इंटरलेस डिटेक्शन' चालू ठेवा आणि 'डीकोंब' निवडा. जिथे रेघा आहेत तेवढ्याच चित्रांवर तो काम करतो. वरातीतला किंवा गॅदरिंगमधला नाच कॅमेऱ्यात होता तितका सफाईदार हवा असेल तर त्यातला 'बॉब' प्रकार घ्या. तो दोन अर्ध्यांची दोन पूर्ण चित्रं करून सेकंदाला ५० देतो. मात्र वरच्या प्रीसेटमध्ये फ्रेमरेट २५ वर अडकवलेला असतो. तो ५० केला नाहीत तर बॉबने कमावलेली निम्मी चित्रं पुढच्या पायरीवर टाकून दिली जातात आणि फरक का दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं.

"एवढी लहान फाइल, म्हणजे दर्जा गेलाच ना?"

काही ना काही जातंच. आरएफ २० वर टीव्हीवर दोन्ही शेजारी लावून पाहिल्याशिवाय ते कळणार नाही, पण गेलेलं परत येत नाही. उद्या एच.२६५ च्याही पुढची पद्धत सगळीकडे चालू लागली आणि तिच्यात फाइल करावीशी वाटली, तर ती आयएसओवरून करायची. लहान केलेल्या फाइलवरून पुन्हा लहान केलं की दोन्ही वेळची झीज साचते.

आणि जागेची तेवढी चणचण तरी कुठे आहे? १ टीबीच्या हार्ड डिस्कवर भरलेल्या डीव्हीडींच्या दोनशेहून जास्त आयएसओ मावतात. साध्या कुटुंबाच्या पिशवीत वीस-पंचवीस तबकड्या. एके काळी डीव्हीडी श्रिंकसारखे प्रोग्राम ८.५ जीबीचा मजकूर दाबून ४.७ च्या कोऱ्या तबकडीत बसवत, कारण दोन थरांची कोरी तबकडी महाग होती. आज त्या खटाटोपाचं कारणच उरलेलं नाही.

"फुकट आहे, म्हणजे व्हायरस असणार"

सॉफ्टवेअर कुठून उतरवलं यावर ते अवलंबून. हँडब्रेक त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, 'हँडब्रेक डॉट एफआर'. जाहिरातीतली, जवळपास तशाच नावाची पानं टाळा. मूळ ठिकाणीही एकदा घात झाला आहे: मे २०१७ मध्ये त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर घुसखोरी होऊन मॅकच्या फाइलीच्या जागी प्रोटॉन नावाचा ट्रोजन, म्हणजे छुपा घातक प्रोग्राम, ठेवला गेला होता. प्रकल्पाने ते स्वतःच जाहीर केलं आणि तपासायची रीतही दिली. ती रीत म्हणजे संकेतस्थळावर छापलेला एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, आपल्या फाइलीच्या आकड्याशी ताडून पाहणं. विंडोजवर ७-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून तो मिळतो.

विकत घेतलेल्या सिनेमाचं काय

मोझर बेअरने २००७ च्या सुमारास ३४ रुपयांत डीव्हीडी आणल्या तेव्हा घरोघरी ढीग साचले. कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, ढीग अजून आहेत. व्यावसायिक सिनेमांच्या अनेक तबकड्यांना सीएसएस नावाचं कुलूप असतं. हँडब्रेक स्वतः ते उघडत नाही. अशी तबकडी दिलीत तर चित्राच्या जागी हिरवे-राखाडी तुकडे येतात किंवा टायटलच सापडत नाही. घरच्या डीव्हीडींना कुलूप नसतं, त्यामुळे वरचं सगळं त्यांना विनासायास लागू पडतं.

कायद्याबद्दल इंग्रजीत वाचलेले सल्ले बहुधा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावर बेतलेले असतात. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या 'न्याय्य वापरा'ला सवलत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं, पण 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' तोडल्यास. त्याच कलमात दुकानदारांनी वाचावं असं एक वाक्य आहे: दुसऱ्याला कुलूप काढून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि तपशील यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. प्रत करून विकणं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं किंवा भाड्याने आणलेली तबकडी उतरवणं, यातलं काहीही खासगी वापरात बसत नाही. आणि जो सिनेमा आज रीतसर ऑनलाइन मिळतो, त्याच्या तबकडीवर संध्याकाळ घालवण्यात शहाणपण नाही.

परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेली तबकडी 'प्रदेश चुकीचा' म्हणून अडली तर ते वेगळं प्रकरण; जगाच्या कुठल्या भागात चालायचं, तो 'प्रदेश' अशा तबकडीवर नोंदलेला असतो. भारत प्रदेश ५ मध्ये येतो आणि ड्राइव्हचा प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो. शेवटच्या बदलाला तो कायमचा तिथेच अडकतो.

"त्यापेक्षा स्टुडिओत देऊन टाकू"

ठाण्यात-वाशीत एखाद्या फोटो स्टुडिओला हे काम देता येतं. देताना एवढंच विचारा: आयएसओ देणार की फक्त एमपी४, म्हणजे कॉम्प्रेस केलेली छोटी फाइल? फक्त एमपी४ म्हणजे आरएफचा निर्णय तुमच्या वतीने दुसऱ्याने घेतला. आणि आपली हार्ड डिस्क देताना ती रिकामी द्या.

"यूट्यूबवर खासगी करून ठेवलं की झालं"

पाहायला ठीक, बॅकअप म्हणून नाही. यूट्यूब स्वतःचं कॉम्प्रेशन करतं, शिवाय मागे वाजणारी सिनेमाची गाणी ओळखून आवाज बंद होऊ शकतो. गूगलच्या फुकट १५ जीबीत एमपी४ फाइली मावतील, आयएसओ तीनच.

आयएसओ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी: डोंबिवलीला बहिणीकडे, पुण्याला मुलाकडे. पेन ड्राइव्ह ने-आण करायला चांगला, वर्षानुवर्षं साठवायला नाही. फाइलीला '२००९ लग्न तबकडी २ पैकी १' असं नाव द्या. शूटिंगवाल्याने तबकडीला दिलेलं नाव बहुतेकदा 'न्यू प्रोजेक्ट' असतं आणि तशा आठ फाइली एका फोल्डरमध्ये मावत नाहीत.

तबकड्या लगेच टाकू नका. दोन्ही डिस्कवरच्या आयएसओ शेवटपर्यंत चालतात हे पाहून झालं की टाकायच्या त्या मधोमध कापून ई-कचऱ्यात द्या. डीडीरेस्क्यूने अर्धवट उतरलेल्या तेवढ्या वेगळ्या काढा, कव्हरमध्ये उभ्या ठेवा, माळ्यावर नको, आणि त्यांच्या मॅपफाइली आयएसओशेजारीच राहू द्या. पुढे कुणाकडे चांगला ड्राइव्ह सापडला तर काम तिथूनच सुरू करता येईल.